मुलांच्या हाती वाद्य देताना



जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि पाहता पाहता जळगाव-धुळ्याच्या शाळांच्या मैदानांवरून १५ ऑगस्टच्या संचलनाच्या तालमींचे ठोके कानी पडू लागतात. याच दिवसांत एखाद्या घरी शाळेची चिठ्ठी येते की आपल्या पाल्याची बँड पथकासाठी निवड झाली आहे. घरात आनंद होतो, आणि त्या आनंदाच्या भरात आपण बाजारात धावतो. दुकानात नमुना पाहिल्यावाचून एक पोते डाळ न घेणारे आपण मुलाचे वाद्य मात्र डोळे मिटून घेतो. गतवर्षी आमच्याच घरी असे घडले. त्यातून जे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवतो.

माझे धाकटे बंधू धुळ्यास कापडाचा व्यापार करतात. त्यांची कन्या सातवीत असून तिची साइड ड्रमसाठी निवड झाली. बंधूंनी त्याच संध्याकाळी एक चकचकीत, धातूच्या पिंपाचा ड्रम घरी आणला. दुसऱ्या दिवशी एरंडोल-पारोळा मार्गे मी धुळ्यास पोहोचलो, तेव्हा ड्रम ओट्यावर होता आणि पुतणी उंबऱ्याच्या आत रडवेली बसली होती. मातोश्रींनी ड्रमच्या पानावरून हात फिरवून एकच प्रश्न विचारला होता, "हे कातडे आहे का?" उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. दुकानदारास दूरध्वनी केला, तर त्यासही खात्रीने सांगता येईना. मातोश्री म्हणाल्या, "खात्री नसेल, तर ती वस्तू या घरात येणार नाही."

त्यांचा आग्रह अनाठायी नव्हता. ढोल असो वा ड्रम, त्याचे पान पूर्वी कातड्याचेच असे. पाश्चात्त्य ड्रमवर वासराचे कातडे ताणीत. पावसात ते सैल पडे, उन्हात आक्रसून फाटे. मैदानात वाजविणाऱ्यांना याचा विशेष जाच होई. १९५६-५७ च्या सुमारास अमेरिकेत पॉलिएस्टरच्या पातळ पटलाची पाने बाजारात आली आणि थोड्याच वर्षांत बँडच्या ड्रमवरून कातडे बहुतांशी मागे पडले. म्हणजे ही सोय अहिंसेच्या विचाराने झालेली नाही, हवामानाच्या जाचातून झाली आहे. पण आपल्या घरांना तिचा दुहेरी लाभ आहे. खानदेशातील वैशाखाचे ऊन आणि श्रावणाची ओल, दोन्ही सोसून कृत्रिम पान बरेचसे एकसारखे वाजते.

पान ओळखावे कसे? कृत्रिम पान सर्वत्र सारख्या जाडीचे, पारदर्शक किंवा दुधाळ पांढरे असते. त्यावर बहुधा उत्पादकाचे नाव छापलेले असते. कातड्याच्या पानात रंगाची व जाडीची असमानता दिसते, रंध्रांच्या खुणा असतात आणि ओल लागली की ते मऊ पडते. मात्र कातड्यासारखी दिसणारी कृत्रिम पानेही निघाली आहेत, म्हणून केवळ डोळ्यांवर विसंबू नये. व्यापाऱ्याच्या घरास शोभेल असा उपाय असा की बिलावरच 'पान कृत्रिम' असे लिहून घ्यावे. ज्यास खात्री नसेल, तो दुकानदार लिहून देणार नाही.

पानापाशीच विचार थांबत नाही. ड्रम गळ्यात अडकविण्याचा पट्टा चामड्याचा असू शकतो. सुती किंवा नायलॉनचा मागून घ्यावा. मोठ्या झांजांच्या मुठींनाही पुष्कळदा चामड्याच्या वाद्या असतात. त्या काढून जाड सुती दोरी घालता येते. क्लॅरिनेटच्या चाव्यांखालील गाद्यांवर प्राण्यांच्या आतड्याचे पातळ पटल, तर सॅक्सोफोनच्या गाद्यांवर चामडे असते. दोहोंसाठी कृत्रिम गाद्या मिळतात. क्लॅरिनेटची जिव्हाळी, म्हणजे रीड, मात्र गवताच्या कुळातील वनस्पतीची असते. काही शाळांत पाइप बँड असतो. बॅगपाइपची पिशवी पूर्वापार कातड्याची असून ती हवाबंद राहावी म्हणून तिला आतून लावावयाच्या लेपात काही जण मधही घालीत. आता कृत्रिम पिशव्या सर्रास वापरात आहेत आणि त्यांना तो लेप लागत नाही.

आता आमच्या कथेतील दुसरी चूक सांगतो. दोन दिवसांनी बंधू शाळेत बँडच्या शिक्षकांना भेटले, तेव्हा कळले की ड्रम शाळेचाच असतो आणि त्याची पानेही कृत्रिमच आहेत. मुलांनी आणावयाचे ते फक्त काठ्या व सरावाची गादी! म्हणजे ती खरेदीच अनावश्यक होती. यास्तव पहिला नियम हाच की शिक्षकांना विचारल्यावाचून काही घेऊ नये. वाद्य शाळेचे की घरचे, कोणत्या मापाचे, कोणत्या पट्टीचे, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर घेऊन मगच बाजारात जावे. सगळ्या पथकाची बासरी एका पट्टीची आणि आपल्या मुलाची दुसऱ्या पट्टीची, असे झाल्यास किंमत कितीही मोजली तरी सूर जुळणार नाही. रेकॉर्डर या प्लॅस्टिकच्या बासरीतही जर्मन व बरोक अशा दोन बोटबांधण्या असतात. वर्गात जी शिकवितात तीच घ्यावी.

दुसरा नियम वजनाचा. बंधूंनी आणलेला ड्रम आम्ही दुकानातील काट्यावर तोलला. तो पाच किलोंच्या वर भरला. पुतणीचे वजन पस्तीस किलो. केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नसावे. तो मापदंड वाद्यांसाठी नाही, परंतु खांद्यावर भार घेऊन तासभर उभ्या राहणाऱ्या मुलासाठी तो ध्यानी ठेवण्यास हरकत नाही. मोठा बास ड्रम तर अंगापिंडाने थोराड मुलाकडेच असावा.

तिसरा नियम, वाद्य अंगाला मानवते का हे पाहणे. बिगुलास चाव्या नसतात. त्यातील मोजके स्वर केवळ ओठांच्या ताणावर व श्वासावर निघतात. समोरचे दात पडून नवे येत असतील किंवा दातांना तारा बसविल्या असतील, तर बिगुल व ट्रम्पेट मुलास जड जातात. अशा वेळी शिक्षकांशी बोलून ड्रम, ट्रँगल वा धातूच्या पट्ट्यांचे लायरा हे वाद्य मागून घेणे यात कमीपणा नाही. मात्र ज्या मुलीस ड्रम हवा आहे, तिला 'मुलींनी बासरीच घ्यावी' असे सांगू नये. राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेत ब्रास व पाइप या दोन्ही प्रकारांत मुलींची स्वतंत्र पथके उतरतात.

मग घरून काय घ्यावे? ड्रम शिकणाऱ्यास काठ्यांची एक चांगली जोडी आणि सरावाची रबरी गादी. काठ्यांवर अक्षर व अंक असतो. जुन्या संकेतानुसार बी म्हणजे बँड आणि एस म्हणजे रस्त्यावरील संचलन. शिकाऊ हातास बहुधा '५बी' किंवा '२बी' सुचवितात. काठी काउंटरच्या काचेवर घरंगळवून पाहावी. ती डगमगली तर वाकडी समजावी. दोन्ही काठ्या वजनाला व ठोक्याच्या नादाला सारख्या असाव्यात. रबरी गादीवरील सरावाचा आवाज भिंतीपलीकडे फारसा जात नाही, त्यामुळे शेजाऱ्यांची व घरातील सामायिकाची शांतीही अबाधित राहते.

फुंकवाद्य असेल, तर वाद्य शाळेचे असले तरी मुखनळी स्वतःची असावी. एकाची मुखनळी दुसऱ्याने ओठांना लावणे आरोग्यास योग्य नाही. आठवड्यातून एकदा ती कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुवावी. मुखनळी अडकून बसल्यास पक्कड लावू नये. पितळ मऊ असते, ते दबते. ट्रम्पेटच्या तीन झडपांसाठी निराळे पातळ तेल मिळते. स्वयंपाकाचे किंवा शिलाई यंत्राचे तेल घालू नये. वाद्यास लॅकरचा चमकता थर असेल, तर पितळेची भांडी घासण्याची पूड लावू नये. थर निघून जातो.

संपूर्ण वाद्यच घ्यावयाचे ठरले, तर उत्तर प्रदेशातील मेरठ हे आपल्या देशातील बँडवाद्यांचे मोठे उत्पादनकेंद्र आहे. तेथील जली कोठी भागात पिढ्यान्पिढ्या बिगुल, ट्रम्पेट, ड्रम घडत आले आहेत आणि आपल्याकडील वरघोड्यांत व लग्नांत वाजणारी पुष्कळ वाद्ये तिकडचीच असतात. पहिल्या वर्षी जुने वाद्य घेणेही शहाणपणाचे. मात्र झडपा मोकळ्या वर-खाली होतात का, सांध्यांतून हवा सुटते का, हे शिक्षकांकडून तपासून घ्यावे. मुलाची गोडी टिकते की नाही हे वर्षभरात कळते. माळ्यावर धूळ खात पडलेले वाद्य हाही परिग्रहच होय. मूल दुसऱ्या छंदाकडे वळले, तर ते शाळेला द्यावे.

आमचा ड्रम थोडे पैसे कापून का होईना, परत गेला. पुतणीने रबरी गादीवर सराव सुरू केला. एके संध्याकाळी ती आजीजवळ बसून म्हणाली, "दादीसा, माझ्या ड्रमला कातडे नको म्हणालात, ते मला पटले. पण मंदिरात भावनेच्या वेळी ढोलक वाजते, ती कशाची आहे?"

मातोश्री बराच वेळ बोलल्या नाहीत. ढोलकीवर आणि तबल्यावर शेळीचे कातडे असते, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. त्याचा विचार त्यांनी केला नव्हता. शेवटी त्या इतकेच म्हणाल्या, "बेटी, हा प्रश्न मी विचारायला हवा होता." पुढच्या रविवारी त्यांनी तो भक्तिमंडळात विचारला. ढोलकसाठी कृत्रिम पाने मिळतात. तबल्याचा नाद मात्र तसा साधत नाही, असे वादकांनी सांगितले. चर्चा अद्याप चालू आहे आणि दोन्ही बाजूंना विचारी माणसे आहेत.

१५ ऑगस्टला सकाळी रिमझिम होती. पुतणीचे पथक मैदानातून ठोक्यात ठोका मिळवीत गेले. मातोश्री छत्री धरून कुंपणापाशी उभ्या होत्या. घरी परतताना त्यांनी नातीला विचारले, "पावसात पान सैल नाही पडले?"

"नाही, दादीसा," ती म्हणाली, "ते पडत नाही."