पिशवी कोणाला जड झाली?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या बोलण्यात 'गर्भाशय' हा शब्द येत नाही, 'पिशवी' येते. पिशवी खराब झाली, पिशवी काढून टाकली. शब्द घरगुती आहे. पण पिशवी रिकामी झाली की टाकून द्यायची असते. त्यामुळेच दोन-तीन मुले झालेल्या बाईला 'आता हिचा उपयोग काय?' असे पटवणे डॉक्टरला सोपे जाते.

शरीरशास्त्र निराळे सांगते. मुठीएवढे, सुमारे साडेसात सेंटिमीटर लांबीचे हे अवयवयंत्र एकटे चालत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या संप्रेरकांमुळे बीजांडकोशात बीज पक्व होते, तेथून पाझरणाऱ्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचे अस्तर जाड होते. बीज सुटले की प्रोजेस्टेरॉन ते अस्तर सांभाळते. गर्भ राहिला नाही की दोन्ही संप्रेरके ओसरतात आणि अस्तर रक्तासह गळून पडते. सुमारे 28 दिवसांच्या या चक्रात, बीज सुटण्याच्या सुमारास, अंगावरून थोडे पांढरे जाणे हा निसर्गक्रम आहे. दुर्गंधी, खाज, ओटीपोटात दुखणे असेल तर बहुधा जंतुसंसर्ग असतो आणि त्यावर औषध आहे. पण याच तक्रारीवर 'पुढे कॅन्सर होईल' असे घाबरवून अनेकींना शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजवले गेले. बीजांडकोशही काढले तर इस्ट्रोजेन एकाएकी थांबते, तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजांडकोश राखले तरी त्यांच्या रक्तपुरवठ्याचा काही भाग गर्भाशयाच्या धमनीतून येत असल्याने तेही अनेकदा लवकर थकतात. आणि हे कोणाच्या बाबतीत? जिला डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे आहे तिच्या!

2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या काळात बीडमधील 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शेकडा जवळजवळ 17. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2015-16 साली 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांत हे प्रमाण शेकडा 3 च्या आसपास होते. एकाच देशातील स्त्रियांच्या देहरचनेत एवढा फरक पडण्याचे कारण वैद्यकाच्या ग्रंथांत सापडणार नाही. ते मुकादमाच्या वहीत सापडेल.

तोडणीचे एकक माणूस नव्हे, 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडीने हंगामाआधी उचल घेतलेली असते आणि ती अंगमेहनतीने फेडायची असते. एक दिवस काम चुकले तर 'खाडा' पडतो. 2019 च्या सुमारास तो दिवसाला 500 रुपये असल्याचे मजूर सांगत. हंगाम सहा महिन्यांचा धरला आणि पाळीत दोनच दिवस उठवेना असे मानले, तरी 12 दिवसांचे 6,000 रुपये उचलीवर चढतात; बुडालेली मजुरी वेगळीच. फडात ना आडोसा, ना शौचालय, ना पुरेसे पाणी. त्याच घाणीतून जंतुसंसर्ग होतो, त्याच संसर्गापोटी दवाखाना गाठावा लागतो, आणि तिथले बिल भरायला पुन्हा मुकादमाचेच कर्ज. अर्थशास्त्रात याला उत्पादनखर्च दुसऱ्याच्या माथी मारणे म्हणतात. येथे तो पोटात मारला गेला.

'बायकाच येऊन मागणी करतात,' असा बचाव ऐकू येतो. मागणी करतात हे खरेच आहे. पण खाडा, उचल आणि कॅन्सरची भीती यांच्या मध्ये उभ्या असलेल्या बाईच्या होकाराला संमती म्हणायचे असेल, तर वेठबिगारालाही स्वेच्छेचा मजूर म्हणावे लागेल.

सारा दोष डॉक्टरांवर ढकलणेही तितकेच सोयीचे. त्यांतले धंदेवाईक शिक्षेला पात्र आहेत, यात वाद नाही. ज्या महाराष्ट्रात डॉ. वि. ना. शिरोडकरांनी 1955 साली गर्भाशयाच्या मुखाला टाका घालून गर्भ वाचवण्याची पद्धत जगापुढे मांडली, तेथेच हे घडावे! बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीची अट आली. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास राज्यांना सांगितले. हे हवेच होते. परंतु परवानगीच्या कागदाने खाडा बंद होत नाही. शस्त्रक्रिया नाकारली गेलेली बाई दुसऱ्या दिवशी त्याच फडात, त्याच पाण्याविना, त्याच वहीखाली उभी राहते.

साखर कारखाने म्हणतात, ही बाई आमची कामगार नाही, ती मुकादमाची. ऊस कारखान्याचा, तोडणीचा कार्यक्रम कारखान्याचा, साखर कारखान्याची. फक्त तोडणारी तेवढी परकी! हे ढोंग सहकाराच्या नावाखाली चालते, म्हणून ते अधिक लाजिरवाणे. येत्या गळीत हंगामापूर्वी प्रत्येक कारखान्याने तोडणीच्या करारात पाळी, आजारपण आणि बाळंतपण यांचा खाडा धरला जाणार नाही व त्या दिवसांची मजुरी मिळेल असे कलम घालावे, फडावर पाणी आणि शौचालय द्यावे, आणि तपासणीसाठी परिचारिका पाठवावी. ज्या सभासदांचा ऊस या स्त्रिया तोडतात, त्यांनी वार्षिक सर्वसाधारण सभेत हा ठराव मांडायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.