अजून किती पडणार?

"शेअर एवढा पडलाय, आता अजून किती पडणार?" लग्नाच्या पंगतीतही हमखास ऐकू येणारं हे वाक्य मला फार घातक वाटतं. उत्तर सोपं आहे: शून्यापर्यंत! शंभराचा दहा झालेला शेअर पुन्हा नव्वद टक्के पडून एक होऊ शकतो.

दुसऱ्या टोकाचे पंडित म्हणतात, "ऑनलाईन आलं, दुकानं संपली." हाही आळसच. अमेरिकेतल्या दोन साखळ्या बघा. माल तोच, गिऱ्हाईक तेच, समोर अ‍ॅमेझॉनही तेच. सर्किट सिटीने मार्च २००७ मध्ये सुमारे ३,४०० विक्रेत्यांना घरी बसवलं. त्यांचा गुन्हा काय, तर पगार जास्त! म्हणजे वेबसाईटकडे जे नव्हतं, तेच यांनी फेकून दिलं. पुढे पुरवठादारांनी उधारी आवळली, नोव्हेंबर २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला आणि मार्च २००९ पर्यंत दुकानांना कुलूप.

बेस्ट बायचा शेअर २०१२ च्या अखेरीस १२ डॉलरच्या आसपास होता. नवे प्रमुख ह्युबेर जोली यांनी ऑनलाईन किमतीशी बरोबरी करायचं ठरवलं. २०१३ मध्ये सॅमसंगला दुकानातच दुकान थाटू दिलं. लोक माल इथे बघतात आणि घेतात दुसरीकडे? मग माल दाखवण्याच्या खर्चाला कंपन्यांनीही हातभार लावावा! २०१३ संपताना शेअर ४० च्या घरात होता.

म्हणजे पडलेलं सगळं वर येतं का? मुळीच नाही. पडलेला भाव दोघांचाही होता, त्यावरून काहीच कळलं नसतं. पी/ई कमी दिसतो, कारण त्यातला नफा गेल्या वर्षीचा असतो. पुस्तकी किमतीत गोदामातला माल धरलेला असतो, पण टीव्ही म्हणजे सोनं नव्हे, कोथिंबीर आहे; उद्या नवं मॉडेल आलं की सुकली.

मग बघायचं काय? माल किती दिवस पडून राहतो, जागांच्या भाडेकरारांची अजून किती वर्षं बाकी आहेत, पुरवठादार उधार देतायत की रोख मागतायत, आणि गिऱ्हाईकाने दुकानात यावं असं तिथे नेमकं काय आहे. हे कंटाळवाणं आहे, मान्य. पण पैसे निवृत्तीचे असतील तर एवढा कंटाळा सोसायलाच हवा. तेवढी तयारी नसेल तर सरळ मुदत ठेव करा, त्यात कसलाच कमीपणा नाही.

असो. पटत नसेल तर जरूर भांडा, फक्त "अजून किती पडणार" म्हणू नका!