लोगोच्या आधी माहिती लावा!



धंदा सुरू करायचा म्हटलं की आपली पहिली धाव लोगो आणि जाहिरातीकडे. माझं मत वेगळं आहे. आधी चार दिवस माहिती नीट लावण्यात घाला.

मोठ्या कंपन्यांत यासाठी दोन वेगळी माणसं असतात. कोणती माहिती कुठे ठेवायची आणि तिला काय नाव द्यायचं, हे इन्फर्मेशन आर्किटेक्ट ठरवतो. वाचणाऱ्याला कुणालाही न विचारता काम करता यावं, असं लिहिणं हे टेक्निकल कम्युनिकेटरचं काम. छोट्या धंद्यात ही दोन्ही कामं तुमचीच.

रिचर्ड सॉल वर्मन या अमेरिकी वास्तुविशारदाने १९७६ मध्ये ‘माहितीचं आर्किटेक्चर’ ही कल्पना मांडली. पुढे त्याने सांगितलं, की माहिती लावायच्या पद्धती पाचच: ठिकाण, वर्णक्रम, काळ, प्रकार आणि चढता-उतरता क्रम.

आता समजा, तुम्ही मसाले विकता. व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये चाळीस फोटो टाकलेत, जसे काढले तसे. ग्राहकाला हवाय मिसळ मसाला, पाव किलो. तो दोनदा खाली-वर करतो आणि निघून जातो. तो आला होता हेसुद्धा तुम्हाला कळत नाही, कारण हे नुकसान वहीत कुठेच दिसत नाही. त्याच कॅटलॉगमध्ये ‘कलेक्शन’ करता येतात. मिसळीचे, रोजच्या भाजीचे, मटण-चिकनचे असे गट पाडा आणि प्रत्येक गटात वजनाप्रमाणे भाव लिहा.

पाकिटाच्या मागेही तेच. ‘आवश्यकतेनुसार वापरावे’ यातून नव्या माणसाला काय कळणार? किती चमचे, कशात आणि कधी घालायचे ते लिहा. एका ओळीत एकच कृती, तीही करायच्या क्रमाने.

तुम्ही म्हणाल, “सर, आम्ही फोनवर सांगतो की!” सांगा ना. पण तोच प्रश्न रोज दहा जण विचारत असतील, तर माल कधी बनवणार? आणि उद्या मदतीला माणूस ठेवलात, तर तो काय सांगणार?

म्हणून आठवडाभर ग्राहकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा. तेच शब्द कॅटलॉगमध्ये वापरा. मग शेजारच्या काकूंच्या हातात मोबाइल द्या, म्हणा “मिसळ मसाला शोधा”, आणि स्वतः गप्प बसा. जिथे काकू अडतील, तिथे दुरुस्ती करा.

हे जमलं की मग खुशाल लोगो करा.