विजेच्या गाडीचा दाणापाणी



मागच्या आठवड्यात राळेगाव तालुक्यातल्या एका गावी कपाशीची पाहणी करायला गेलो होतो. विहिरीजवळच्या पंपाच्या खोलीत नवीकोरी विजेची स्कूटर उभी दिसली. स्टार्टरच्या पेटीतून वायर ओढून तिला चार्जिंग लावले होते. मालक हसत म्हणाला, "साहेब, पंपाचं बिल तं सरकार भरते. गाडी फुकटात पळते!"

त्याला जे सांगितले, तेच आज तुम्हाला सांगतो.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून वीज मोफत आहे, पण ती ओलितासाठी. त्या जोडणीवर गाडी चार्ज करणे हा अनधिकृत वापर ठरतो. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे त्याची आकारणी दुप्पट दराने होते. वापर कधीपासून चालू आहे ते ठरवता आले नाही, तर मागच्या १२ महिन्यांची होते. शिवाय उघड्या वायरीवर ओला हात पडला तर माणूसच जायचा.

त्यापेक्षा घरच्या मीटरवर गाडी लावा. साध्या स्कूटरच्या बॅटरीत सुमारे ३ युनिट वीज मावते आणि त्यात ७०-८० किलोमीटर अंतर जाते. आपल्या बिलावरचा युनिटचा दर पाहा, त्याला तीनाने गुणा, थोडी वीज वाया जाते तीही धरा. तेवढ्याच अंतराला दीड लिटरच्या वर पेट्रोल लागते. फरक तुम्हीच काढा.

मात्र अर्थिंग पक्के करून घ्या. चार्जर गाडीबरोबर आलेलाच वापरा. उन्हातून आल्याबरोबर चार्जिंग लावू नका, गाडी सावलीत निवू द्या. आणि एक गोष्ट विसरू नका. आपल्याकडे भाव वाढेल या आशेने कापूस घरातच भरून ठेवतात. ज्या खोलीत कापूस किंवा कुटार आहे, तिथे गाडी चार्जिंगला लावू नका. एका ठिणगीत वर्षाची कमाई जाईल.

हे ऐकून मालक म्हणाला, "घरी भागते साहेब. पण यवतमाळले जाऊन यायचं म्हटलं का जीव टांगणीले लागते." त्याचे म्हणणे खरे आहे. बैलगाडी जुंपून बाजाराला निघताना आपण वैरणीची पेंढी सोबत घेतो. वीज अशी बांधून नेता येत नाही. ती वाटेतच मिळाली पाहिजे.

राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरवर चार्जिंगची सोय करण्याचे ठरले आहे. केंद्राच्या ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत सार्वजनिक चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये ठेवले आहेत. पांढरकवड्यावरून जाणाऱ्या किंवा आर्णी-उमरखेडवरून जाणाऱ्या महामार्गाला त्याचा लाभ होईल. पण आपले गाव महामार्गापासून आत आहे, त्याचे काय?

त्यासाठी मागणी आपणच केली पाहिजे. जिथे माणूस तास-दोन तास थांबतोच, तिथे चार्जिंग हवे: बाजार समितीचे आवार, एसटी स्थानक, ग्रामीण रुग्णालय. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. गावात आणि आसपास विजेच्या किती गाड्या आहेत ते मोजा, तो आकडा ठरावात घाला आणि ठराव बाजार समितीला व महावितरणला पाठवा. नुसत्या तक्रारीपेक्षा आकड्याला वजन असते.

चार्जिंग केंद्र चालवायला वेगळा परवाना लागत नाही, हे केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. महावितरणकडे अशा केंद्रांसाठी वेगळा वीजदरही आहे. त्यामुळे बचत गट किंवा शेतकरी कंपनीही हे काम करू शकते. पण आधी डीपीवर किती भार आहे आणि दाब पुरेसा मिळतो का, हे लाइनमनला विचारा. सुरुवात दोन-तीन चाकी गाड्यांच्या साध्या चार्जिंगने करा. मोटारींचे जलद यंत्र महाग असते, ते गाड्या वाढल्यावर पाहू. "केंद्राची एजन्सी देतो, आधी रक्कम भरा" म्हणत कोणी दारात आला, तर कागद तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नका. कर्ज काढून तर मुळीच नाही.

त्या मालकाने माझ्यासमोरच पंपावरची वायर काढली. तुमच्या पंपावर असेल, तर आजच काढा.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी