अनशी ढाकाचा सण : कोकणातील बेने इस्राएल शेतकऱ्यांचा वसंत

#थ्रेड

१/
फाल्गुन सरता सरता अलिबाग, रोहे, पेण, मुरूड या टापूतील भातखाचरे कोरडी पडलेली असतात. भात दिवाळीच्या सुमारास घरी आलेले असते, ओलीवर घेतलेला वालही काढून झालेला असतो. राब भाजण्याचे काम तेवढे चालू असते. याच दिवसांत येथील काही शेतकरी घरांत एक सण येत असे : अनशी ढाकाचा सण. हिब्रूत त्याचे नाव पेसाह.

२/
ही घरे बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंची. रोहेकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर, दिवेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे. आडनावातच गाव असल्याने त्यांचा नकाशा वेगळा काढावा लागत नाही. समुएलचा सामाजी आणि अब्राहमचा आबाजी याच गावांत झाला.

३/
समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत चौलनजीक फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना नवगावच्या किनाऱ्यावर पुरले. ही घटना केव्हाची, याबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. मात्र नंतरची कित्येक शतके हा समाज कोकणात शेती करीत आणि तेलाचे घाणे चालवीत राहिला, याबद्दल वाद नाही.

४/
गावाने त्यांना नाव दिले 'शनिवार तेली', कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. सोमवार पाळणारे तेली ते सोमवार तेली. शब्बाथची आज्ञा केवळ माणसापुरती नाही. बैलालाही त्या दिवशी विसावा द्यावा, असे तोरा सांगते. घाण्याची करकर सहा दिवस ऐकणाऱ्या गावाला सातव्या दिवसाची शांतता धर्मग्रंथ न वाचताही कळत होती.

५/
या समाजाविषयी दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. पहिली : 'आपण त्यांना आसरा दिला.' दुसरी : 'धर्म जवळजवळ विसरले होते, मग बाहेरच्यांनी येऊन शिकवला.' पहिलीत ते कायमचे पाहुणे ठरतात, दुसरीत अर्धवट ज्यू. दोन्हींत त्यांचे शेत आणि स्वयंपाकघर कोठेच दिसत नाही. वसंतातील सण पाहिले, तर दोन्ही गोष्टी अपुऱ्या ठरतात.

६/
आधी कालगणना. मराठी महिना अमान्त, म्हणजे अमावास्येनंतर सुरू होणारा. हिब्रू महिनाही नव्या चंद्रापासूनच सुरू होतो. ऋतूंशी मेळ राहावा म्हणून मराठी पंचांग अधिक मास घेते. हिब्रू पंचांगही एकोणीस वर्षांत सात वेळा जादा महिना घेते. चंद्र-सूर्याची सांगड घालण्याची रीत दोन्हीकडे जवळपास सारखी आहे.

७/
परिणाम पाहावा. पुरीम येतो अदार महिन्याच्या १४ तारखेला, पेसाह नीसानच्या १५ तारखेला. म्हणजे एक फाल्गुन पौर्णिमेच्या आसपास, दुसरा चैत्र पौर्णिमेच्या. २०२५ साली १३ मार्चच्या संध्याकाळी होळी पेटली, तेव्हाच पुरीम सुरू झाला. १२ एप्रिलला हनुमान जयंती होती, त्याच संध्याकाळी पेसाह लागला.

८/
दर वर्षी असे जुळतेच असे नाही. जादा महिना दोन्हीकडे एकाच वर्षी येत नाही, त्यामुळे काही वर्षी महिन्याचे अंतर पडते. २०२१ साली पुरीम फेब्रुवारीअखेरीस झाला आणि होळी मार्चअखेरीस. तरीही पौर्णिमा चुकत नाही. छापील पंचांग नसलेल्या शेतकऱ्याला आकाशाकडे पाहून सण राखता येईल, इतका हा मेळ पक्का आहे.

९/
म्हणून बेने इस्राएलांनी पुरीमला नाव दिले 'होळीचा सण'. ही धर्माची सरमिसळ मानण्याची घाई करू नये. नाव शेजाऱ्याचे आहे, कारण सण शेजाऱ्याच्याच दिवशी येतो. मराठी माणूस 'दिवाळीत सुट्टी आहे' म्हणतो, तेव्हा तो लक्ष्मीपूजनाचा संकल्प सोडत नसतो. सणाचे नाव पुष्कळदा काळाची खूण असते.

१०/
त्याही आधी, शबात महिन्याच्या पौर्णिमेला, वृक्षांचे नववर्ष येते. त्या सुमारास बेने इस्राएल मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओला नारळ, गूळ आणि वर फळे. प्रार्थना एलियाहू हन्नाबीच्या नावाने. अलिबागजवळ एका खडकावरील खूण ही त्याच्या रथाची मानली जाते. भात, माड आणि ऊस यांच्या मुलखात वृक्षांचा सण याहून नेमका कसा साजरा होणार?

११/
आता मूळ प्रश्न. बायबलमधील पेसाह हा इजिप्तमधील गुलामीतून सुटकेचा सण आहे, तसाच तो जवाच्या कापणीचाही आहे. त्या महिन्याचे जुने नाव 'अवीव', म्हणजे जवाची कोवळी कणसे. पेसाहनंतर कापणीची पहिली पेंढी अर्पण करायची आणि तेथून सात आठवडे मोजत गव्हाच्या हंगामापर्यंत पोहोचायचे.

१२/
विदर्भातील वाचकाला हे सहज समजेल. नागपूर-वर्ध्याकडे फाल्गुन-चैत्र म्हणजे गहू-हरभऱ्याची सुगी. कोकणात मात्र त्या वेळी धान्याचे पीक उभे नसते. तेथे ना जव, ना गहू. सणाला जन्म देणारे शेतच नाहीसे झाले, तर सण कशाच्या आधारावर टिकतो?

१३/
पेसाहच्या आठवड्यात आंबवून फुगवलेली भाकर वर्ज्य असते. गव्हाच्या रोटीवर जगणाऱ्या घरात हा मोठा त्याग आहे. पण कोकणातील घरात रोजचे अन्न भात आणि तांदळाची भाकरी. ती मुळातच फुगवलेली नसते. 'फुगलेली भाकर सोडा' ही आज्ञा अशा घरात पाळली, तरी रोजच्या ताटात फारसे काहीच बदलणार नाही.

१४/
येथेच 'अनशी ढाकाचा सण' या नावाचे मोल कळते. अनस म्हणजे आंबट पातळ पदार्थ साठवण्याचे भांडे, आणि ढाकणे म्हणजे झाकणे. वर्षभर तोंडी लावण्यासाठी लागणारे ते भांडे या सणात झाकून ठेवायचे. भातखाऊ घरात आंबण्याची क्रिया जेथे रोज डोळ्यांसमोर होती, नेमकी तीच जागा बंद करायची.

१५/
हिब्रूत पेसाहला वर्ज्य असलेल्या पदार्थांना 'हामेत्स' म्हणतात. त्या शब्दाच्या मुळात अर्थ आहे आंबट होणे. त्याच धातूपासून शिर्क्याचा हिब्रू शब्द, 'होमेत्स', आला आहे. म्हणजे ज्यांच्यापाशी हिब्रू ग्रंथ उरले नव्हते, त्यांनी आंबट भांड्यावर झाकण ठेवून मूळ शब्दाचा गाभाच पाळला होता.

१६/
हा निव्वळ योगायोग असू शकतो, हा आक्षेप रास्त आहे. जुन्या काळच्या बेने इस्राएलांपाशी हगादा नव्हती, सेदरच्या भोजनाचा पूर्ण विधी नव्हता. प्रार्थनांपैकी 'शेमा' तेवढी स्मरणात राहिली होती. हे मान्य करायलाच हवे. पण 'ग्रंथ नव्हता' आणि 'धर्म नव्हता' ही दोन वेगळी विधाने आहेत. शेतकऱ्याचा धर्म पुष्कळदा ग्रंथाऐवजी ऋतू, भांडी आणि वारांतून चालतो.

१७/
इतर नावेही हेच सांगतात. मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनी बिरडे खायचे, म्हणून तो बिरड्याचा सण. योम किप्पुरला दारे लावून उपास करायचा, म्हणून तो दारफाळणीचा सण, आणि दुसरा दिवस शिळा सण. स्वयंपाकघरात आणि उंबरठ्यावर लिहिलेले हे पंचांग आहे. ते जपणारे हात बहुतांशी स्त्रियांचे होते.

१८/
परंपरेतही याची साक्ष सापडते. डेव्हिड रहाबी नावाचा परदेशी ज्यू कोकणात आला. हे लोक खरेच ज्यू आहेत का, याची त्याने परीक्षा घेतली. ग्रंथ विचारले नाहीत, स्त्रियांपुढे मासळी ठेवली. त्यांनी खवले आणि पर नसलेले मासे बाजूला काढले. समाजाच्या आठवणीत कसोटी टिकली ती रांधणाऱ्यांच्या ज्ञानावर.

१९/
एकोणिसाव्या शतकात ग्रंथ आले. कोचीनचे ज्यू शिक्षक आले, मिशनरी आले. १८३२ साली जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह हगादा निघाल्या. पुण्याच्या हगादेतील चित्रांत मराठी वळणाच्या साड्या नेसलेल्या स्त्रिया जमिनीवर बसून पेसाहच्या बिनआंबवलेल्या रोट्या करताना दिसतात.

२०/
त्या चित्रात नवा ग्रंथ आणि जुने घर एकत्र आहेत. सणापूर्वी घराला चुना लावायचा, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करायची, ही रीतही टिकली. पण सणांची मराठी नावे मात्र हळूहळू अडाणीपणाची खूण वाटू लागली. हाईम सामुएल किहीमकर यांनी आपल्या इतिहासात ती नोंदवून ठेवली. तो ग्रंथ १८९७ साली लिहून झाला आणि १९३७ साली तेल अवीवमध्ये छापला गेला.

२१/
पुढे घाणे थांबले. माणसे मुंबईत लष्करात, कारकुनीत, रेल्वेत गेली. १९४८ नंतर हजारो कुटुंबे इस्रायलला गेली. तेथे १९६०च्या दशकाच्या आरंभी धर्मपीठाने त्यांच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी लावली. १९६४ साली बेने इस्राएलांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले. अखेर तो निर्देश मागे घ्यावा लागला.

२२/
ज्यांच्या पूर्वजांनी बैलालाही शनिवारचा विसावा दिला, त्यांना आपण ज्यू असल्याचे सिद्ध करावे लागले. चौकशी करणाऱ्यांना हवा होता कागद. घाणा, भांडे आणि उंबरठा यांची साक्ष मोजण्याचे माप त्यांच्यापाशी नव्हते. इतिहास लिहिणाऱ्यांनी तरी तीच चूक करू नये.

२३/
महाराष्ट्रातील कौतुकही तपासून पाहावे. पुण्याच्या लाल देवळाची छायाचित्रे सर्वत्र दिसतात. ते १८६७ सालचे, डेव्हिड ससून यांनी बांधलेले, बगदादी ज्यूंचे. रेवदंडा, अलिबाग, पेण, पनवेल येथील बेने इस्राएलांची साधी सिनेगॉग फार थोड्यांना माहीत असतात. २०१६ साली राज्याने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर बहुतेक घरे रिकामी झाली होती.

२४/
'आम्ही आसरा दिला' हे वाक्य ऐकायला उदार वाटते, पण त्यात एक यजमान आणि एक पाहुणा ठरून जातो. गावाच्या दिव्यात ज्यांनी तेल घातले, भाताची खाचरे ज्यांनी राखली, ते पाहुणे कसे? कोकणाच्या कृषी-इतिहासात शनिवार तेल्यांचे प्रकरण पाहुण्यांच्या परिशिष्टात नव्हे, मूळ मजकुरात हवे.

२५/
आणि मराठीच्या शब्दकोशांत, सणांच्या याद्यांत, शाळेच्या पुस्तकांत 'अनशी ढाकाचा सण' हे नाव यायला हवे. गुढीपाडव्यानंतर चैत्राचा चंद्र पूर्ण होताना, कोकणातील एका मराठी घरात एक आंबट भांडे झाकले जात होते. ते घर या भूमीचे होते आणि तो सणही.

(समाप्त)