कुंपणानेच शेत खाल्ले!

२५ डिसेंबर १९९१ रोजी क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला. पण सात दशके 'सर्वांच्या मालकीची' म्हणून मिरवलेली संपत्ती गेली कोणाच्या घशात?

१९९२ मध्ये रशियाने प्रत्येक नागरिकाच्या हाती दहा हजार रूबलचे व्हाउचर ठेवले. त्याचे मोल दोन व्होल्गा मोटारींएवढे होईल, हे अनातोली चुबाईस यांचे आश्वासन हवेत विरले.

१९९५ मध्ये सरकारने बड्या उद्योगांचे समभाग तारण ठेवून बँकांकडून कर्ज घेतले. ते फेडलेच नाही. नोरिल्स्क निकेलचा लिलाव भरवला ओनेक्झिम बँकेने. साडेपस्तीस कोटी डॉलरची बोली बाद ठरली आणि ३८ टक्के समभाग सुमारे १७ कोटी डॉलरमध्ये त्याच बँकेच्या पदरात पडले! तिचे प्रमुख व्लादिमीर पोतानिन १९९६ मध्ये प्रथम उपपंतप्रधान झाले.

याला खासगीकरण म्हणावे की राजरोस दरोडा? दोष एकट्या बाजारपेठेच्या माथी मारून साम्यवाद्यांना हात झटकता येणार नाहीत. सत्तेला जाब विचारणारी न्यायालये, वृत्तपत्रे आणि समाजसंस्था ज्यांनी मोडून काढल्या, त्यांनीच चोरांसाठी दार उघडे ठेवले होते. झेंडा एका रात्रीत बदलतो. पहारेकरी घडवायला पिढ्या लागतात.