गोवरी, रान आणि इतिहास

देशाचा इतिहास म्हटला की राजवटी, लढाया आणि तह डोळ्यांपुढे उभे राहतात. त्या राजवटींच्या काळात डोंगरावर रान किती होते, गुरे कोठे चरत आणि चुलीत काय जळत होते, याची चौकशी सहसा होत नाही. शेती-शिक्षणातही मातीचे पृथक्करण शिकविले जाते. त्या मातीवर गेल्या दोन शतकांत काय गुदरले, ते क्वचितच. ही उणीव केवळ विद्वत्तेची नव्हे. पूर्वेतिहास ठाऊक नसलेला सल्लागार परिस्थितीचा दोष माणसाच्या माथी मारतो, आणि मग त्याचा सल्लाही वाया जातो.

गोवऱ्यांचेच उदाहरण घ्यावे. शेतकरी शेण जाळतो, अर्थात खताचे मोल त्याला कळत नाही, असा ठपका वर्षानुवर्षे ठेवला गेला. हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यासाठी १८८९ साली आलेले इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी आपल्या १८९३ च्या अहवालात तो खोडून काढला. शेण चुलीत जाते ते मुख्यतः सरपणाच्या अभावी, असे त्यांना आढळले. म्हणून खताच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी सरपणाची व वैरणीची राने राखण्यात शोधले. रसायनशास्त्रज्ञाने चुलीपर्यंत जावे, ही गोष्ट आजही अनुकरणीय आहे.

मग सरपण गेले कोठे? १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली आणि पुढे रुळांखालच्या ओंडक्यांसाठी लाकडाची मागणी वाढतच गेली. १८६४ साली वनखाते स्थापन झाले. १८७८ च्या कायद्याने राखीव वनांतील परंपरागत वहिवाट हा हक्क न राहता बहुतांशी सवलत ठरली. व्होल्करांच्या अहवालापूर्वी दहा वर्षे, १८८३ साली, महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हेच दुःख मांडले होते. चराऊ राने गेल्याने जनावरांची उपासमार होते, असे सांगून ते थांबले नाहीत. डोंगरावरचा पालापाचोळा पावसाबरोबर शेतात येऊन जमीन कशी सकस होते याचे विवेचन त्यांनी केले, आणि पाणी मुरविण्यासाठी बांध घालण्याची सूचनाही केली.

तथापि सर्व दोष कायद्यावर ढकलणे इतिहासाला धरून होणार नाही. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी १९१७ साली पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या गावी १७७१ मध्ये सरासरी ४० एकरांची असलेली धारणा १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. इतक्या तुकड्यात पड टाकायची कोठे आणि गुरांना कुरण राखायचे कोठे? (ते गाव आता पिंपरी-चिंचवड शहरात मिसळून गेले आहे.)

अशी माहिती प्रत्येक तालुक्यासाठी थोडीबहुत मिळू शकते. मोजणीचे जुने अहवाल, गॅझेटियर आणि गावातील वृद्धांची स्मृती, एवढी साधने हाताशी आहेत. पाणलोटाच्या आराखड्यात उतार, पाऊस व मातीची खोली नोंदली जाते. त्या उतारावर पूर्वी कोणाची वहिवाट होती, हेही एका पानावर नोंदविले जावे. चराईबंदी सुचविताना तर ते अत्यावश्यक आहे. ज्याला बांधाचे पाणी मिळणार नाही अशा भूमिहीनाच्या शेळ्या त्याच माळावर चरत असतील, तर वैरणीची पर्यायी सोय होण्यापूर्वी घातलेली बंदी त्याला १८७८ च्या कायद्याहून वेगळी वाटण्याचे कारण नाही.